चालू स्क्रिप्ट मध्येच थांबवून आउटपुट कसं तपासायचं?

तिरपीरेघ (धागाकर्ता)

बॅश स्क्रिप्ट आहे. आज्ञा नेहमीप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये. रचना अशी:

पायथन३ साफ.पीवाय यादी.सीएसव्ही | { व्हाइल रीड ओळ; डू … डन; एको "बेरीज: $बेरीज"; }

डावीकडचा पायथन प्रोग्रॅम वर्णनाचा रकाना साफ करून ओळी पुढे सोडतो. उजवीकडचा लूप प्रत्येक ओळीतला तिसरा रकाना 'नग'मध्ये घेतो आणि '((बेरीज += नग))' करतो. ओळी साधारण १२,०००. स्क्रिप्ट शेवटपर्यंत जाते, एक्झिट कोड ०, पण बेरीज कमी भरते. दर वेळी तेवढीच कमी. पायथन फार बडबड करतो म्हणून अख्खी स्क्रिप्ट '२>/डेव्ह/नल' लावून, म्हणजे एररवर येणारं सगळं फेकून देऊन, चालवतो.

मध्येच थांबून 'नग' आणि 'बेरीज' बघावी म्हणून लूपमध्ये 'रीड -पी "पुढे?"' टाकलं. प्रश्न दिसत नाही, स्क्रिप्ट थांबत नाही, आणि बेरीज जवळपास निम्मी होते. '/डेव्ह/नल' काढून पायथनमध्ये ओळ क्रमांक छापून पाहिला, तर तिकडे आकडा हजाराच्या पुढे आणि लूप अजून पहिल्या दहा ओळींत. थांबवायची बरोबर पद्धत कोणती?

नळकरी

निम्म्या बेरजेचं आधी सांगतो. पाइपच्या, म्हणजे त्या उभ्या रेघेच्या, उजव्या बाजूला जे काही चालतं, त्या सगळ्याचं स्टँडर्ड इनपुट म्हणजे तो पाइपच. लूपच्या डोक्यावरचा 'रीड' पहिली ओळ घेतो, पोटातला 'रीड' दुसरी गिळतो, डोक्यावरचा तिसरी घेतो. म्हणून एकाआड एक ओळ गायब. तुमच्या एंटरची वाट कोणी पाहतच नाहीये, त्याला 'एंटर' फाइलमधूनच मिळतोय.

प्रश्न न दिसण्याला दोन कारणं आहेत. 'रीड -पी'चा प्रश्न इनपुट टर्मिनलवरून येत असेल तरच छापला जातो, आणि छापला तरी स्टँडर्ड एररवर जातो. तो तुम्ही नलमध्ये टाकलाय.

उपाय ('२>/डेव्ह/नल' काढून):

रीड -आर -पी "नग=$नग बेरीज=$बेरीज पुढे? " उत्तर < /डेव्ह/टीटीवाय

'/डेव्ह/टीटीवाय' म्हणजे हे टर्मिनल, पाइप कुठेही वळवलेला असो. दुसरा मार्ग म्हणजे डेटा ३ नंबरच्या डिस्क्रिप्टरवरून (उघड्या फाइलचा क्रमांक; ० इनपुट, १ आउटपुट, २ एरर) वाचायचा: आत 'रीड -आर ओळ <&३' आणि 'डन'नंतर '३< फाइल'. मग ० नंबर तुमच्यासाठी मोकळा राहतो. कायमच्या स्क्रिप्टमध्ये मला हीच पद्धत बरी वाटते, कारण लूपमध्ये पुढेमागे एसएसएच किंवा एफएफएमपेग आलं की तेही असंच इनपुट गिळतं. त्यांना अनुक्रमे '-एन' आणि '-नोएसटीडीइन' द्यावं लागतं, आणि ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

जाता जाता: साधा 'रीड ओळ' बॅकस्लॅश खातो आणि कडेच्या मोकळ्या जागा छाटतो. 'आयएफएस= रीड -आर ओळ' लिहा. फाइलच्या शेवटच्या ओळीनंतर न्यूलाइन नसेल तर ती ओळ लूपमध्ये येतच नाही. त्यासाठी शर्तीत '|| [[ -एन $ओळ ]]' जोडा. कमी भरणाऱ्या बेरजेचं हे एक नेहमीचं कारण आहे, पण ते एका ओळीपुरतं.

अर्धविराम

नळकरींशी सहमत. पण १२,००० वेळा एंटर दाबणार का? थांबा शर्तीवर घाला. लूपमध्ये दर ओळीला एकने वाढणारा 'क्र' हा आकडा ठेवा आणि '((क्र == ४०००))' असेल तेव्हाच तो 'रीड' चालू द्या.

४००० हा आकडा कुठून आणायचा? बरोबर बेरीज दुसऱ्या मार्गाने काढता येत असेल तर दोन्हीकडच्या चालत्या बेरजा दोन फायलींत लिहा आणि फायलींमधला फरक दाखवणाऱ्या 'डिफ'ला द्या. पहिला फरक कुठल्या ओळीवर आहे हे एका फटक्यात कळतं, थांबायची गरजही उरत नाही. दुसरा मार्ग नसेल तर अर्धं-अर्धं करत जा. ६,०००व्या ओळीवर थांबा. इथपर्यंत बरोबर असेल तर दोष पुढच्या अर्ध्यात, नसेल तर मागच्या. १२,००० ओळींना जास्तीत जास्त १४ थांबे लागतात.

लोक त्रुटी जिथे दिसते तिथे थांबतात. दिसते ती शेवटी, घडते ती आधी कुठेतरी. शेवटच्या 'एको'वर थांबून हाती काही लागत नाही.

शेपटीवाचक

पायथन पुढे पळण्याबद्दल. तो बिघाड नाही, पाइप असाच चालतो. दोन्ही बाजू एकाच वेळी सुरू होतात. लिनक्सवर पाइपमध्ये साधारणपणे ६५,५३६ बाइट मावतात, शिवाय पायथनचा स्वतःचा बफर आहे, बऱ्याच आवृत्त्यांत ८,१९२ बाइटचा. तुमची ओळ सरासरी ५० बाइटची धरली तर लूप पहिल्याच ओळीवर थांबलेला असताना पायथन १,४००च्या आसपास पोचतो आणि पाइप तुंबल्यावर तिथे अडकतो. म्हणजे लूप थांबवला तरी डावी बाजू थांबत नाही, आणि डावीकडचा ओळ क्रमांक बघून उजवीकडे काय चाललंय ते कळत नाही.

बफरचा दुसरा त्रास वेगळा. स्टँडर्ड आउटपुट टर्मिनलवर असेल तर ओळीगणिक बाहेर पडतं, पण पाइप किंवा फाइलकडे वळवलं की ठोकळ्याठोकळ्याने. एरर मात्र लगेच बाहेर येतो. दोन्ही एका फाइलमध्ये घेतले की आधीची ओळ नंतर दिसते आणि माणूस भलत्याच जागी दोष शोधत बसतो. स्क्रिप्ट 'किल -९'ने मारली तर बफरमध्ये राहिलेलं कधीच बाहेर येत नाही. "इथपर्यंत पोचलीच नाही" असा निष्कर्ष त्यामुळे हमखास चुकतो.

तपासणीपुरतं: पायथनला '-यू', किंवा 'प्रिंट'मध्ये 'फ्लश=ट्रू'. ग्रेपला '--लाइन-बफर्ड'. सीमधल्या बऱ्याच प्रोग्रॅम्सना पुढे 'एसटीडीबफ -ओएल' लावून चालतं, पण पायथन ३वर त्याचा परिणाम होत नाही, कारण तो स्वतःचा बफर सांभाळतो.

खरं तर तपासताना पाइप तोडाच. आधी 'पायथन३ साफ.पीवाय यादी.सीएसव्ही > /टेम्प/साफ.सीएसव्ही', मग लूपला ती फाइल. मधला माल डोळ्यांसमोर राहतो, आणि लूप शंभर वेळा चालवला तरी पायथन पुन्हा चालवावा लागत नाही. पाइप तोडायचा नसेल तर मध्ये 'टी /टेम्प/मधलं' घाला.

बिनघोर

एवढं सगळं कशाला? चार 'एको' टाका, पानभर वाचा, सापडतं.

अर्धविराम

बिनघोर, ओळ कुठली ते माहीत असेल तर चार 'एको' पुरतात. माहीत नसेल तर १२,००० गुणिले ४ ओळी वाचाव्या लागतात. आणि 'एको' टाकायचेच तर '>&२' लावून टाका. उजव्या बाजूला आणखी एक पाइप असेल तर तुमचा 'एको' पुढच्याच्या डेटात मिसळतो.

नळकरी

'एको'पेक्षा 'सेट -एक्स' बरा. प्रत्येक आज्ञा व्हेरिएबलं भरून झाल्यावर, चालायच्या आधी छापली जाते. एरवी तो अख्ख्या स्क्रिप्टला लावतात आणि धबधबा बघून कंटाळतात. संशयित भागाआधी 'सेट -एक्स', नंतर 'सेट +एक्स', एवढंच.

पुढे येणारं अधिकचं चिन्ह 'पीएस४' या व्हेरिएबलमधून येतं आणि त्याची किंमत दर ओळीला नव्याने काढली जाते. त्यात हवं ते घालता येतं:

पीएस४='+ $लाइननो नग=$नग बेरीज=$बेरीज: '

एकेरी अवतरणच हवं. दुहेरी दिलं तर किमती त्याच क्षणी भरल्या जातात आणि शेवटपर्यंत तोच जुना आकडा दिसत राहतो. ही युक्ती तुमच्या कामाची आहे, कारण '((बेरीज += नग))' ही ओळ 'सेट -एक्स'मध्ये जशीच्या तशी दिसते, डॉलर नसल्याने किमती दिसत नाहीत.

हे सगळं स्टँडर्ड एररवर जातं, म्हणजे तुमच्या '२>/डेव्ह/नल'मध्ये. ते काढा, किंवा 'एक्झेक ५>/टेम्प/माग' करून 'बॅश_एक्सट्रेसएफडी=५' ठेवा. बॅश ४.१पासून हे चालतं, आणि माग वेगळ्या फाइलमध्ये जमतो. स्क्रिप्टमध्ये पासवर्ड असेल तर तोही त्या फाइलमध्ये उघडा पडतो. 'सेट -एक्स'चा माग कुणाला पाठवायच्या आधी वाचून बघा.

खोलखोदा

लूपमध्ये पावलोपावली थांबायचं असेल तर 'डीबग' ट्रॅप (ठरावीक घटना घडली की चालणारी आज्ञा) आहे:

ट्रॅप 'रीड -आर -पी "$लाइननो: $बॅश_कमांड ? " _ < /डेव्ह/टीटीवाय' डीबग

प्रत्येक साध्या आज्ञेआधी थांबतो आणि पुढे काय चालणार ते दाखवतो. फंक्शनच्या आत तो आपोआप शिरत नाही, 'सेट -टी' (मोठा टी) करावं लागतं. 'शॉप्ट -एस एक्सट्डीबग' चालू असेल आणि ट्रॅपने शून्याखेरीज काही परत केलं तर पुढची आज्ञा चक्क वगळली जाते. फाइल पुसणारी ओळ तपासणीपुरती टाळायला हे सोयीचं. काम झालं की 'ट्रॅप - डीबग'.

आता साफ.पीवायच्या आत थांबायचं असेल तर. पायथन ३.७पासून हव्या त्या जागी 'ब्रेकपॉइंट()' एवढं लिहिलं की पुरतं. आधीच्या आवृत्त्यांत 'इम्पोर्ट पीडीबी; पीडीबी.सेट_ट्रेस()'. पीडीबी म्हणजे पायथनचा डीबगर. थांबल्यावर लागणारी अक्षरं: 'एन' पुढची ओळ, 'एस' फंक्शनच्या आत, 'आर' फंक्शन संपेपर्यंत, 'सी' पुढच्या थांब्यापर्यंत, 'डब्ल्यू' कुठून कुठे आलो, 'यू' आणि 'डी' बोलावणाऱ्याच्या चौकटीत वर-खाली, 'एलएल' अख्खं फंक्शन, 'पीपी' किंमत नीट मांडून, 'क्यू' बाहेर. नुसतं एंटर दाबलं की मागचीच आज्ञा पुन्हा चालते. 'एन'नंतर सवयीने दाबलेल्या एंटरमुळे हवी ती ओळ मागे पडते.

तुमच्या व्हेरिएबलचं नाव 'एन' किंवा 'सी' असेल तर ते टंकल्यावर किंमत दिसत नाही, आज्ञा चालते. 'पी एन' म्हणा, किंवा पुढे उद्गारचिन्ह लावा.

तुमच्या रचनेत मात्र 'ब्रेकपॉइंट()' सरळ चालणार नाही. पीडीबी आपला प्रॉम्प्ट स्टँडर्ड आउटपुटवर लिहितो. ते पाइपमध्ये गेलंय, म्हणजे प्रॉम्प्ट तुमच्या लूपला एक ओळ म्हणून मिळेल आणि तुम्ही कोऱ्या पडद्यासमोर बसाल. पाइप तोडून पायथन एकटा चालवा. तेही शक्य नसेल तर 'पीडीबी.पीडीबी' हा क्लास घ्या, त्याला 'एसटीडीइन' आणि 'एसटीडीआउट' म्हणून '/डेव्ह/टीटीवाय' उघडून द्या आणि त्यावर 'सेट_ट्रेस()' बोलवा.

उलट बाजूने, इनपुट पाइपमधून येत असेल तर पीडीबी तुमच्या डेटाच्या ओळी आज्ञा समजून चालवतो आणि डेटा संपला की 'बीडीबीक्विट' देऊन बंद पडतो. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी सोय) आणि मल्टिप्रोसेसिंगच्या उपप्रक्रियांत असंच लगेच बंद पडतं, कारण तिथे इनपुट रिकामं असतं. उपप्रक्रिया असतील तर तपासणीपुरती संख्या १ करून मुख्य प्रक्रियेतच फंक्शन चालवा.

आणखी एक, ज्यात अनुभवी लोकही फसतात. थांबल्यावर बघणं निरुपद्रवी असतं असं नाही. जनरेटर (मागितल्यावरच एकेक ओळ देणारा) समोर असेल आणि आत काय आहे म्हणून 'लिस्ट(ओळी)' केलंत, तर तो तिथेच रिकामा झाला. 'सी' दाबल्यावर पुढच्या कोडला एकही ओळ मिळत नाही आणि नवाच दोष तयार होतो. उघड्या फाइलवर 'रीड()' केलं तरी तेच. जनरेटरला हात लावू नका, त्यातून बाहेर पडलेली शेवटची ओळ बघा.

कंसबंद

किंमत बघताना 'प्रिंट' नको, छुपे वर्णही उघड करून दाखवणारा 'रेप्र' हवा. पायथन ३.८पासून एफ-स्ट्रिंगमध्ये नावापुढे बरोबरचं चिन्ह दिलं की नाव आणि 'रेप्र' दोन्ही मिळतात. शेवटची मोकळी जागा, न तुटणारी मोकळी जागा, ओळीच्या टोकाचा कॅरेज रिटर्न, फाइलच्या सुरुवातीची बीओएम ही छुपी खूण, यातलं काहीच 'प्रिंट'मध्ये दिसत नाही. मराठी मजकुरात तर विशेष: 'दऱ्या'मधला अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो, ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर. पडद्यावर अगदी सारखे, तुलनेत वेगळे. 'एस्की()' फंक्शनमधून काढलं की कोड दिसतात. बॅशमध्ये 'प्रिंटएफ "%क्यू\एन"' किंवा 'सेट -एक्स' कॅरेज रिटर्नसारखे छुपे वर्ण उघड करून दाखवतात.

जावास्क्रिप्टवाल्यांसाठी एक ओळ: कन्सोलमध्ये छापलेला ऑब्जेक्ट तुम्ही बाणावर क्लिक करता त्या क्षणीची अवस्था दाखवतो, छापला त्या क्षणीची नव्हे. त्या क्षणीची हवी असेल तर 'जेसन.स्ट्रिंगिफाय' करून छापा. 'डीबगर;' ही ओळ डेव्हटूल्स उघडी असतील तरच थांबते. नोडमध्ये '--इन्स्पेक्ट-बीआरके' दिलं तर पहिल्याच ओळीवर थांबून ९२२९ पोर्टवर वाट बघतो.

निळीखिडकी

विंडोजबद्दल कोणी बोललं नाही. बॅच फाइलमध्ये 'पॉज' आहे, आणि वरचं 'एको ऑफ' काढलं की प्रत्येक आज्ञा दिसते. पॉवरशेलमध्ये 'सेट-पीएसब्रेकपॉइंट' फाइलमध्ये हात न घालता थांबा लावतो: '-लाइन ४२' किंवा '-व्हेरिएबल बेरीज -मोड राइट'. दुसरा प्रकार फार कामाचा, 'बेरीज'मध्ये कोणीही काही लिहिलं की थांबतो, मग ते कुठल्याही ओळीवर का असेना.

न थांबवता थांबलेली स्क्रिप्टही विंडोजवर बरीच दिसते. क्विकएडिट चालू असेल तर कन्सोलच्या काळ्या भागात नुसतं क्लिक झालं की मजकूर निवडायची अवस्था सुरू होते, आणि प्रोग्रॅम पुढच्या छपाईला अडकतो. शीर्षकपट्टीवर 'सिलेक्ट' असा शब्द येतो. एस्केप दाबा.

शेपटीवाचक

लिनक्सवर त्याचा भाऊ म्हणजे कंट्रोल-एस. आउटपुट गोठतं, कंट्रोल-क्यूने सुटतं. स्क्रिप्ट मात्र पुढे चालत राहते, टर्मिनलचा बफर भरल्यावरच ती अडते. वाचायला ठीक, थांबवायला नाही. नको असेल तर 'एसटीटीवाय -आयएक्सऑन'.

जागता_पहारा

आधीच सुरू झालेली आणि तासभर चाललेली स्क्रिप्ट थांबवायची असेल, तर ती मारून 'रीड' घालून पुन्हा चालवायची गरज नसते.

कंट्रोल-झेड: पुढे चालू असलेलं अख्खं काम, म्हणजे पाइपच्या दोन्ही बाजू, गोठतं. 'एफजी'ने पुन्हा पुढे. दुसऱ्या टर्मिनलवरून 'किल -स्टॉप पीआयडी' आणि 'किल -काँट पीआयडी' (पीआयडी म्हणजे प्रक्रियेचा क्रमांक). कंट्रोल-झेडचा संदेश प्रोग्रॅम झेलू किंवा टाळू शकतो, 'स्टॉप' नाही. 'पीएस'मध्ये अवस्थेच्या रकान्यात 'टी' दिसतो. 'स्टॉप' फक्त दिलेल्या पीआयडीला लागतो, पाइपच्या दुसऱ्या टोकाला नाही.

थांबल्यावर बाहेरून काय दिसतं: '/प्रॉक/पीआयडी/एफडी'मध्ये कुठल्या फायली उघड्या आहेत, 'एफडीइन्फो'मध्ये फाइल किती बाइट वाचून झाली. फाइल हजार ओळींची आणि वाचन १०० बाइटवर अडकलंय हे त्यावरूनच कळतं. बॅशची व्हेरिएबलं मात्र बाहेरून दिसत नाहीत. 'एन्व्हायरॉन'मध्ये असतं ते सुरू होतानाचं पर्यावरण, आत्ताची 'बेरीज' नव्हे.

त्यासाठी आधीच सोय करून ठेवा: 'ट्रॅप 'एको "$क्र $बेरीज" >&२' यूएसआर१'. मग 'किल -यूएसआर१ पीआयडी' केलं की स्क्रिप्ट न थांबता आकडे सांगते. तुमच्या रचनेत महिरपी कंसातला भाग पाइपच्या उजवीकडे असल्याने तो वेगळ्या सबशेलमध्ये (शेलच्या वेगळ्या प्रतीत) चालतो आणि बाहेर लावलेला ट्रॅप तिथे लागू होत नाही. ट्रॅप कंसाच्या आत लावा आणि पीआयडी '$$'ने नव्हे, '$बॅशपीआयडी'ने छापा. '$$' सबशेलमध्येही मूळ शेलचाच नंबर देतो.

पायथन चालू असेल तर 'पाय-स्पाय डंप --पीआयडी' प्रक्रिया न मारता सध्याची ओळ सांगतो, '--लोकल्स' दिलं तर किमतीही. बहुतेक ठिकाणी सुडो लागतो. पायथन ३.१४मध्ये 'पायथन -एम पीडीबी -पी पीआयडी' करून चालू प्रक्रियेला पीडीबी जोडताही येतो.

आणि थांबण्याआधी बघा की स्क्रिप्टच्या हातात काय आहे. डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून पीडीबीत चहा प्यायला गेलात तर त्या ओळींवरची कुलुपं तुमच्याकडेच राहतात. मायएसक्यूएलच्या इनोडीबीत दुसरे लोक मुळात ५० सेकंद वाट बघतात आणि मग त्यांच्या आज्ञा त्रुटी देऊन पडतात. दोष तुमच्या स्क्रिप्टमध्ये आणि आरडाओरडा दुसरीकडे. चालू डेटाबेसवर थांबू नका, प्रतीवर थांबा.

वेळेवर अवलंबून असलेला दोष, दोन प्रक्रियांची शर्यत वगैरे, थांबवल्यावर बहुधा दिसेनासाच होतो. तिथे थांबा नको, वेळेचा शिक्का असलेला लॉग हवा.

खोलखोदा

जागता_पहारांच्या यादीत एक भर. स्क्रिप्ट थांबलेली असताना ती फाइल एडिटरमध्ये दुरुस्त करून जतन करू नका. बॅश फाइल पूर्ण वाचून मग चालवत नाही, लागेल तशी वाचत जातो आणि कितव्या बाइटवर होतो ते लक्षात ठेवतो. वर दहा अक्षरं वाढली की लूप संपल्यावर तो एखाद्या शब्दाच्या मधून वाचायला लागतो. 'आरएम'च्या ओळीचा अर्धाच भाग त्याच्या वाट्याला आला तर काय होईल ते सांगायला नको. काही एडिटर नवी फाइल लिहून नाव बदलतात, तिथे निभावतं, पण कुठला एडिटर काय करतो यावर विसंबू नये. सगळं 'मुख्य' नावाच्या फंक्शनमध्ये घालून शेवटच्या ओळीत 'मुख्य "$@"; एक्झिट' ठेवलं की बॅशला सगळं आधीच वाचावं लागतं.

पायथनला हा धोका नाही, तो फाइल आधीच वाचतो. पण पीडीबीतला 'एलएल' नवी फाइल दाखवू शकतो आणि चालत असतो जुनाच कोड. बाण भलत्याच ओळीवर दिसतो.

तिरपीरेघ

सापडलं. '/डेव्ह/नल' काढलं, पाइप तोडून साफ.सीएसव्ही वेगळी केली, 'पीएस४'मध्ये 'नग' आणि 'बेरीज' घातली, आणि अर्धविरामांच्या म्हणण्याप्रमाणे ऑकने (रकान्यांवर काम करणारी आज्ञा) काढलेल्या चालत्या बेरजेशी 'डिफ' लावला. पहिला फरक ४१७व्या ओळीवर. 'पीएस४'चा माग तिथे असा:

नग=०१२ बेरीज=१८३२, आणि पुढच्याच ओळीत बेरीज=१८४२.

१२ मिळवायला हवे होते, १० मिळाले. आणि ६५५व्या ओळीवर 'नग=०९', बेरीज बदललीच नाही, वर एक त्रुटी: "व्हॅल्यू टू ग्रेट फॉर बेस". ही त्रुटी इतके दिवस नलमध्ये जात होती. हे नक्की काय आहे?

नळकरी

अष्टमान. बॅशच्या अंकगणितात पुढे शून्य असलेली संख्या आठाच्या पायावर वाचली जाते. ०१२ म्हणजे १०. ०८ आणि ०९ तर अष्टमानात असूच शकत नाहीत, म्हणून तिथे त्रुटी येते, '(( ))'चा निकाल १ येतो आणि लूप तसाच पुढे जातो. शेवटचा 'एको' यशस्वी झाला म्हणून एक्झिट कोड ०. ०१ ते ०७ बरोबरच येतात, त्यामुळे थोड्या ओळींवर चाचणी केली तर हे दिसत नाही.

'((बेरीज += १०#$नग))' लिहा. इथे डॉलर लागतो. आकडा रिकामा किंवा उणे असण्याची शक्यता असेल तर '१०#'च्या आधी ते वेगळं हाताळा. ऑक डेटातले असे आकडे दशमानातच वाचतो, म्हणून तुमचा 'डिफ' बोलला. नुसती बेरीजच हवी असेल तर सगळा लूप काढून ऑकच ठेवा, १२,००० ओळींना क्षणही लागणार नाही.

बिनघोर

चार 'एको' टाकले असते तरी ०१२ दिसलंच असतं.

अर्धविराम

दिसलं असतं, आणि "बारा, बरोबर आहे" म्हणून पुढे गेलो असतो.

तिरपीरेघ

'१०#' लावल्यावर बेरीज जुळली. आता शेवटचं: तो '/डेव्ह/टीटीवाय'वाला 'रीड' स्क्रिप्टमध्ये ठेवला तर चालेल का? पुढेही लागेल. रात्री ती क्रॉनवर चालते.

जागता_पहारा

क्रॉनमध्ये प्रक्रियेला टर्मिनल जोडलेलं नसतं, '/डेव्ह/टीटीवाय' उघडतच नाही. 'रीड' लगेच अपयशी होतो. 'सेट -ई' (आज्ञा फसली की स्क्रिप्ट थांबवणारा पर्याय) नसेल तर दर ओळीला एक त्रुटी छापून स्क्रिप्ट पुढे जाईल, असेल तर पहिल्याच थांब्यावर मरेल. थांबा एका फंक्शनमध्ये घाला आणि सुरुवातीलाच '[[ $थांब == १ ]] || रिटर्न ०' ठेवा. हवं तेव्हा 'थांब=१ ./स्क्रिप्ट.एसएच' असं चालवा. 'रिटर्न'पुढचं ते ० विसरू नका. नुसता 'रिटर्न' त्याआधीच्या फसलेल्या तुलनेचा १ परत करतो आणि 'सेट -ई' असेल तर स्क्रिप्ट तिथेच संपते.

पायथनच्या बाजूला हे आयतं आहे: क्रॉनच्या ओळीत 'पायथनब्रेकपॉइंट=०' ठेवलं की राहून गेलेले सगळे 'ब्रेकपॉइंट()' मुके होतात.